पहिल्या मोसमातला रायडर जोखायचा कसा?

१० मार्च २०१९ च्या रात्री कतारच्या लोसैल ट्रॅकवर, दिव्यांच्या झोतात, मोटोजीपीच्या मोसमातली पहिली शर्यत झाली. चार रायडर त्या रात्री पहिल्यांदाच या वर्गात उतरले होते. स्पेनचा जोआन मिर आठवा आला. फ्रान्सचा फाबियो क्वार्तारारो सोळावा, पोर्तुगालचा मिगेल ऑलिव्हेरा सतरावा. इटलीच्या फ्रान्चेस्को बान्यायाला, म्हणजे सगळ्यांच्या पेकोला, शर्यत अर्ध्यातच सोडावी लागली. गुण पंधराव्या क्रमांकापर्यंतच मिळतात. त्यामुळे चौघांत मिळून खातं उघडलं ते एकट्या मिरचं, आठ गुणांनी.

पुढचा इतिहास मोटोजीपी बघणाऱ्यांना पाठ आहे. मिर २०२० साली जगज्जेता झाला, क्वार्तारारो २०२१ साली, बान्याया २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षं. ऑलिव्हेराला विजेतेपद मिळालं नाही, पण पाच शर्यती त्याने जिंकल्या. एकाच वर्षी वर्गात आलेल्या चौघांपैकी तिघे जगज्जेते व्हावेत, असं क्वचितच घडतं.

कतारच्या रात्री यातलं काही दिसत होतं का? काही दिसत होतं, काही अजिबात नाही. नवख्या रायडरची पारख करताना कुठे बघायचं आणि कशाला भुलायचं नाही, हे समजून घ्यायला २०१९ ची ही तुकडी उत्तम आहे. म्हणून या लेखात बरीचशी उदाहरणं तिचीच घेतली आहेत.

सोळावा क्रमांक, सर्वात वेगवान लॅप

आधी क्वार्तारारोचा सोळावा क्रमांक उलगडून बघू. पात्रता फेरीत तो पाचवा आला होता. म्हणजे पहिल्याच शर्यतीत दुसऱ्या रांगेत जागा, वय अजून वीसही पूर्ण नाही. पण वॉर्म-अप लॅपला निघायच्या क्षणी गाडी ग्रिडवरच बंद पडली. नियमाप्रमाणे त्याला पिट लेनमधून सुरुवात करावी लागली. बाकीचा सगळा घोळका पुढे निघून गेल्यावर हा एकटा मागून निघाला.

अशा वेळी बहुतेक नवखे दोनपैकी एक करतात. रागाच्या भरात जास्त जोर लावतात आणि पडतात, नाहीतर ‘आता काय उरलं’ म्हणून नुसत्या लॅप पुऱ्या करतात. क्वार्तारारोने त्या रात्री शर्यतीतला सर्वात वेगवान लॅप काढला, १ मिनिट ५५.०३९ सेकंदांचा. पुढे डोव्हिझिओसो आणि मार्क मार्केझ या अनुभवी रायडरांची जिंकण्यासाठी झुंज चालू होती आणि शेवटी २३ सहस्रांश सेकंदांनी डोव्हिझिओसो जिंकला. त्या दोघांपैकी कोणीही इतक्या वेगाचा लॅप काढला नव्हता.

आता याचा अर्थ लगेच ‘हा मार्केझपेक्षा वेगवान’ असा लावायचा नाही. पुढचे रायडर एकमेकांच्या मागे टायर राखत चालले होते. मागच्याला मोकळा रस्ता मिळाला की लॅप वेगवान निघू शकतो. तरीही वीस वर्षांच्या आतल्या, पहिलीच शर्यत खेळणाऱ्या पोराच्या हातात एवढा वेग आहे, एवढं तरी त्या रात्री सिद्ध झालं. ते शिकवून येत नाही. निकालात मात्र त्याच्या नावापुढे सोळा हा आकडा आणि शून्य गुण.

खालच्या वर्गातली पुण्याई किती धरायची

आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणायची सवय आहे. मोटोजीपीचा पाळणा म्हणजे मोटोथ्री आणि मोटोटू. तिथले पाय बघून भाकीत करायचं ठरवलं असतं, तर २०१९ च्या सुरुवातीला क्वार्तारारोचं नाव चौघांत शेवटी आलं असतं.

२०१८ च्या मोटोटूत बान्याया आठ शर्यती जिंकून विजेता झाला होता, ऑलिव्हेरा दुसरा. मिर सहावा होता, पण त्याच्या आदल्या वर्षी मोटोथ्रीमध्ये त्याने दहा शर्यती जिंकून विजेतेपद मिळवलं होतं. क्वार्तारारो दहावा. त्याच्या नावावर बार्सिलोनाचा एकच विजय. मोतेगीला तो पहिला आला, पण टायरमधला हवेचा दाब नियमापेक्षा कमी भरला म्हणून बाद झाला आणि तो विजय बान्यायाच्या खात्यात गेला. क्वार्तारारोला मोटोजीपीत जागा मिळाली तेव्हा भुवया उंचावल्या होत्या, आणि कागदावर बघता त्यात चूक काही नव्हती.

मग कागद का चुकला? दोन्ही गाड्या चालवायची रीतच वेगळी. २०१८ पर्यंत मोटोटूत सगळ्यांना होंडाचं एकाच प्रकारचं ६०० सीसीचं इंजिन होतं. मोटोजीपीची गाडी १००० सीसीची, ताकद दुपटीच्या घरात, वजन मात्र १५७ किलोच्या किमान मर्यादेजवळ. मोटोटूचे ब्रेक स्टीलच्या डिस्कचे. मोटोजीपीत कार्बनचे, आणि कार्बन चांगला तापल्याशिवाय नीट पकडत नाही. थंड असताना ओढला तर गाडी थांबतच नाही, तापल्यावर तेवढ्याच जोराने ओढला तर मागचं चाक हवेत. टायर तेव्हा डनलॉपचे सुटत, मिशेलिनचे येत. शिवाय ट्रॅक्शन कंट्रोल, इंजिन ब्रेक यांची इलेक्ट्रॉनिक जुळणी प्रत्येक वळणाप्रमाणे बदलायची असते. पिटमध्ये येऊन इंजिनिअरला ‘गाडी अशी वागते’ हे नेमक्या शब्दांत सांगता येणं, हेही मग कौशल्यात धरावं लागतं.

एखाद्याची शैली धाकट्या गाडीत अडकलेली असते आणि मोठ्या गाडीत मोकळी होते. क्वार्तारारोचं तसं झालं. एखाद्याचं बरोबर उलटं होतं. म्हणून खालच्या वर्गातल्या विजेतेपदाला पहिल्या दोन-तीन शर्यतींपुरतंच वजन द्यावं. त्यानंतर तो कागद फडताळात ठेवलेला बरा.

तुलना आधी घरातल्याशी

नवख्याची तुलना जगज्जेत्याशी करण्यात गंमत आहे, पण उपयोग थोडा. पहिली तुलना करायची ती त्याच बनावटीच्या गाडीवर बसलेल्यांशी. गाडी जवळपास सारखी असेल तर उरलेला फरक बराचसा माणसाचा असतो.

२०१९ मध्ये क्वार्तारारो पेट्रोनास यामाहा या नव्याकोऱ्या संघात होता. त्याचा सहकारी फ्रँको मॉर्बिडेली एक वर्ष आधी आलेला. मोसमाअखेर मॉर्बिडेलीचे ११५ गुण झाले, क्वार्तारारोचे १९२. यामाहाच्या मुख्य संघात मावेरिक व्हिन्यालेस २११ वर होता आणि व्हालेंटिनो रॉसी १७४ वर. म्हणजे पहिल्याच वर्षी हा मुलगा रॉसीच्या पुढे. त्यातही त्याला दिलेली गाडी सुरुवातीला चार यामाहांत सर्वात साधी होती. इंजिनाच्या फेऱ्यांची मर्यादा इतरांपेक्षा ५०० आरपीएमने कमी ठेवली होती. हे कळलं की १९२ गुणांचं वजन आणखी वाढतं.

हीच फूटपट्टी मिरला लावू. सुझुकीत त्याचा सहकारी अलेक्स रिन्स २०५ गुणांसह चौथा, नावावर दोन विजय. मिर ९२ गुणांसह बारावा. निम्म्याहूनही कमी. पण मिरला ऑगस्टमध्ये ब्र्नो इथल्या चाचणीत जोरात पडल्यामुळे फुप्फुसाला मार बसला आणि दोन शर्यती बुडाल्या. परतल्यावर तो हळूहळू रिन्सच्या जवळ सरकत गेला. फिलिप आयलंडला पाचवा आला. घरातल्या माणसाशी असलेलं अंतर मार्चमध्ये किती आणि ऑक्टोबरमध्ये किती, हे मोसमाच्या बेरजेपेक्षा जास्त बोलकं असतं.

फूटपट्टी वापरताना गाडीचं मॉडेल कोणत्या वर्षाचं, हे विचारायला विसरू नये. बान्याया प्रामॅक संघात आदल्या वर्षीच्या डुकाटीवर होता, त्याचा सहकारी जॅक मिलर त्या वर्षीच्या. मिलर १६५ गुण, बान्याया ५४. यातला किती फरक गाडीचा आणि किती माणसाचा, हे बाहेरून छातीठोकपणे सांगता येत नाही, आणि जो सांगतो त्याच्याकडे जरा संशयानेच बघावं. ऑलिव्हेराचं तर आणखी अवघड. टेक-थ्री संघाच्या केटीएमवर त्याला ३३ गुण मिळाले, सतरावा क्रमांक. ऐकायला किरकोळ. पण त्याच संघात, तशाच गाडीवर, दुसऱ्याला नऊ गुण होते.

नवख्याला गाडी कोणती द्यायची, यावर एके काळी नियमच होता. २०१० पासून तीन मोसम नवोदिताला फॅक्टरी संघात थेट घेता येत नसे, त्याने आधी कंपनीच्या गाड्या घेणाऱ्या स्वतंत्र, म्हणजे सॅटेलाइट संघात वर्ष काढावं अशी अट होती. २०१३ साठी ती काढून टाकली आणि मार्क मार्केझ सरळ होंडाच्या मुख्य संघात बसला. दुसऱ्याच शर्यतीत, ऑस्टिनला, पोल (पात्रता फेरीतली पहिली जागा) आणि विजय दोन्ही. वय २० वर्षं ६३ दिवस. फ्रेडी स्पेन्सरचा १९८२ पासूनचा सर्वात तरुण विजेत्याचा विक्रम मोडला. वर्षअखेर ३३४ गुणांसह तो जगज्जेता झाला, होर्खे लोरेन्झोपेक्षा चारच गुण जास्त. पदार्पणाच्या मोसमात विजेतेपद याआधी मिळवलं होतं ते १९७८ साली केनी रॉबर्ट्सने. मार्केझची थोरवी कमी करायची नाही, पण २०१० ते २०१२ मध्ये आलेल्या कोणाही नवोदिताला त्याच्याशी तोलणं अन्यायाचं आहे. त्यांना तशी गाडी मिळायची सोयच नव्हती.

एक लॅप आणि वीस लॅप

पात्रता फेरीतला वेग आणि शर्यतीतला वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. नवख्यांत पहिली लवकर येते, दुसरी उशिरा. पात्रतेच्या पंधरा मिनिटांत नवा मऊ टायर, टाकीत थोडंसं इंधन, समोर मोकळा रस्ता. धाडस असेल तर एक लॅप काढता येतो. शर्यतीत २२ लिटरची भरलेली टाकी घेऊन निघायचं, ब्रेकवर गाडी जड लागते, आजूबाजूला वीस जण, पुढच्याच्या गाडीची गरम हवा अंगावर आणि समोरच्या टायरवर. आणि शेवटच्या पाच लॅपसाठी मागचा टायर शिल्लक ठेवायचा.

क्वार्तारारोने २०१९ मध्ये सहा पोल घेतले. पहिला हेरेसला, २० वर्षं १४ दिवसांचा असताना; तेव्हा तो या वर्गातला सर्वात तरुण पोलधारी ठरला. विजय मात्र एकही नाही. मग हा ‘एका लॅपचा राजा’ का? काहींनी तसं म्हटलंही. हेरेसला दुसऱ्या क्रमांकावर असताना गिअर बदलायच्या लिव्हरने दगा दिला, ते सोडून देऊ. पण मिझानोला त्याने जवळजवळ सगळी शर्यत पुढे राहून काढली, मार्केझ मागे चिकटलेला, आणि शेवटच्या लॅपला मार्केझने त्याला मागे टाकलं. तीन आठवड्यांनी थायलंडला तीच गोष्ट पुन्हा, या वेळी निकाल शेवटच्या वळणावर लागला. ४२० गुणांचा मोसम खेळणाऱ्या मार्केझला शेवटच्या वळणापर्यंत तंगवणारा रायडर एका लॅपपुरता नसतो. या दोन दुसऱ्या क्रमांकांना मी इतर कित्येकांच्या पहिल्या विजयापेक्षा वर ठेवीन.

उलट त्याचाच बार्सिलोनातला दुसरा क्रमांक थोडा कमी धरावा लागतो. दुसऱ्याच लॅपला लोरेन्झो घसरला आणि त्याने डोव्हिझिओसो, व्हिन्यालेस आणि रॉसी या तिघांनाही बरोबर नेलं. पुढे स्पर्धा करणारे तिघे एका वळणावर गारद. क्वार्तारारोच्या हातावर दोनच आठवड्यांपूर्वी शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे तो निकाल टाकाऊ नक्कीच नाही. पण दुसरा कोणामुळे आला, हेही बघायला हवं.

लॅपचा तक्ता वाचताना

प्रत्येक शर्यतीनंतर मोटोजीपीच्या अधिकृत संकेतस्थळावर निकालाच्या शेजारीच प्रत्येक रायडरच्या प्रत्येक लॅपच्या वेळेचा तक्ता येतो. फुकट मिळतो. ट्रॅकचे चार भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक भागाची वेळ वेगळी दिलेली असते. बहुतेक प्रेक्षक तो उघडतच नाहीत. नवख्याचं खरं प्रगतिपुस्तक मात्र तिथेच असतं.

तो वाचताना मी आधी सुरुवातीचे तीन-चार लॅप बघतो. भरलेली टाकी, थंड ब्रेक आणि गर्दी यांत नवखा इथे सर्वात जास्त वेळ घालवतो. दर लॅपला अर्धा सेकंद गेला तरी चार लॅपमध्ये दोन सेकंद. मग मधले दहा लॅप. त्यात आकडे एकमेकांच्या दोन-तीन दशांशांत राहिले तर माणूस गाडीवर स्वार आहे. एक लॅप झकास आणि पुढचा सात दशांशांनी मंद, असं चालू असेल तर अजून गाडीच त्याच्यावर स्वार आहे. शेवटचे पाच लॅप टायर राखण्याचे. त्यात पुढच्यांच्या तुलनेत तो किती घसरतो ते बघायचं, स्वतःच्या आधीच्या वेळेच्या तुलनेत नव्हे, कारण घसरतात सगळेच.

चार भागांपैकी एकाच भागात वेळ जात असेल तर चिंता कमी. तिथे बहुधा एखादं जोरात ब्रेक लावायचं वळण असतं आणि ते शिकता येतं. चारही भागांत थोडा-थोडा जात असेल तर प्रश्न गाडीचा किंवा विश्वासाचा, आणि तो सुटायला वेळ लागतो.

केटीएमवर पदार्पण करणाऱ्या ब्रॅड बाइंडरचं उदाहरण घ्या. २०२० मध्ये हेरेसच्या पहिल्या शर्यतीत तो सुरुवातीलाच ट्रॅकबाहेर गेला आणि तेरावा आला. पुढच्या आठवड्यात तिथेच पडला. निकाल बघणाऱ्याने त्याला सोडून दिला असता. पण हेरेसच्या त्या तेराव्या क्रमांकाआड पुढच्या रायडरांच्या बरोबरीचा वेग होता. तिसऱ्या शर्यतीत, ब्र्नोला, बाइंडर पाच सेकंदांहून जास्त फरकाने जिंकला. केटीएमचा मोटोजीपीतला तो पहिलाच विजय. तक्ता वाचलेल्यांना आश्चर्य वाटलं असेल, पण जरा कमी.

पडतो कसा, ते बघा

नवख्यावर सर्वात लवकर बसणारा शिक्का म्हणजे ‘पडणारा’. २००६ मध्ये केसी स्टोनर आला. दुसऱ्याच शर्यतीत पोल, तिसऱ्यात दुसरा क्रमांक, आणि त्यानंतर इतक्या वेळा जमिनीवर की लोक त्याला ‘रोलिंग स्टोनर’ म्हणू लागले. मोसमाअखेर आठवा. पुढच्या वर्षी तो होंडावरून डुकाटीवर गेला, टायर मिशेलिनचे जाऊन ब्रिजस्टोनचे आले आणि दहा शर्यती जिंकून तो जगज्जेता झाला. माणूस तोच होता.

होर्खे लोरेन्झोने २००८ मध्ये पहिल्या तिन्ही शर्यतींत पोल घेतला आणि तिसरी जिंकली. मग शांघायच्या सरावात असा उडून पडला की घोटे दुखावले. तशातही शर्यतीत चौथा आला. पुढेही तो पडत राहिला, पण वर्षअखेर चौथा होता. मार्केझने २०१३ मध्ये मुजेल्लोच्या सरावात तीनशेहून अधिक वेगात गाडी सोडली, भिंतीपासून थोडक्यात वाचला आणि रविवारी दुसऱ्या क्रमांकावर असताना पुन्हा पडला.

पडण्याचे प्रकार असतात. पुढे जाण्याच्या झटापटीत, मर्यादा चाचपताना समोरचं चाक निसटलं तर ते शिकण्याचं पडणं. एकटाच चालला असताना, दबाव नसताना, तेच वळण आणि तीच चूक पुन्हा झाली तर काळजीचं. आणि दुसऱ्याने पाडलं तर ते हिशेबातून वगळायचं. क्वार्तारारो २०१९ मध्ये सिल्व्हरस्टोन आणि फिलिप आयलंड या दोन्ही ठिकाणी पहिल्याच लॅपच्या गोंधळात बाहेर गेला. त्यावरून त्याच्या कौशल्याबद्दल काहीच कळत नाही. वेगवान माणसाचं पडणं कमी करता येतं. न पडणाऱ्या मंद माणसाला वेगवान करणं फार कठीण. संघांचे व्यवस्थापक म्हणूनच पडणाऱ्याला करार देतात आणि आपल्याला आश्चर्य वाटतं.

ओळखीचा ट्रॅक, अनोळखी ट्रॅक

ट्रॅक नवा असला की अनुभवी रायडरची एक जमेची बाजू कमी होते. मार्केझ जिंकला तो ऑस्टिनचा ट्रॅक त्या वर्षी मोटोजीपीसाठीच नवा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपी पहिल्यांदा भारतात, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर आली, तेव्हाही सगळेच नवखे. जिंकला मार्को बेझेक्की, त्याचा या वर्गातला दुसराच मोसम. होर्खे मार्तिन दुसरा, क्वार्तारारो तिसरा, आणि गुणतक्त्यात पुढे असलेला बान्याया दुसऱ्या क्रमांकावरून पडला. अशा शर्यतीतला नवख्याचा चांगला निकाल जरूर मोजावा, पण त्याच्या पुढच्या, जुन्या ट्रॅकवरच्या निकालाशी ताडून.

पावसात गाड्यांमधला फरक घटतो आणि हाताची नजाकत दिसते. पण पावसातलं एक पोडियम बघून शितावरून भाताची परीक्षा करू नये.

बक्षीस म्हणजे बेरीज

‘रुकी ऑफ द इयर’ हा मान वर्षभरात सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या नवोदिताला मिळतो. २०२१ मध्ये होर्खे मार्तिन १११ गुणांसह नववा आला, एनेआ बास्तियानिनी १०२ गुणांसह अकरावा, मान मार्तिनला. गुणांत नऊचाच फरक. पण मार्तिनने दुसऱ्याच शर्यतीत पोल घेतला होता, मग पोर्तिमाओच्या भीषण अपघातामुळे चार शर्यती त्याच्या हातून गेल्या आणि परतल्यावर ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात तो जिंकला. खरा फरक गुणांतल्या फरकापेक्षा बराच मोठा होता. २०२३ मध्ये तर पूर्ण मोसम खेळणारा नवोदित एकच होता, ऑगुस्तो फर्नांडेझ. मान अर्थातच त्याला.

वेगवेगळ्या वर्षांतल्या नवोदितांच्या गुणांची तुलना करताना आणखी एक खाचखळगा आहे. २०२३ पासून शनिवारी अर्ध्या अंतराची स्प्रिंट शर्यत असते आणि तिचे वेगळे गुण मिळतात, विजेत्याला १२. पेद्रो अकोस्टाने २०२४ मध्ये २१५ गुण केले आणि सहावा आला. क्वार्तारारोचे २०१९ चे १९२ गुण त्यापेक्षा कमी दिसतात. पण त्या वर्षी स्प्रिंटच नव्हत्या, आणि तो पाचवा होता.

ही फूटपट्टी जिथे चुकते

आता बान्याया. वर सांगितलेल्या सगळ्या कसोट्या २०१९ च्या बान्यायाला लावल्या तर तो नापास होतो. सहकाऱ्यापेक्षा बराच मागे, गुण ५४, क्रमांक पंधरा, पडणं वारंवार. फिलिप आयलंडचा चौथा क्रमांक हा एकच उजेड. दुसऱ्या वर्षी ब्र्नोला पाय मोडला, मिझानोला दुसरा आला, आणि वर्षअखेर सोळावा. म्हणजे पहिल्या वर्षापेक्षा एक पायरी खालीच. पहिला विजय मिळायला २०२१ चा सप्टेंबर उजाडला, आरागॉनला.

आणि २०२२ मध्ये जर्मनीच्या शर्यतीनंतर हाच बान्याया क्वार्तारारोपेक्षा ९१ गुणांनी मागे होता. उरलेल्या दहा शर्यतींत ती दरी बुजवून त्याने १७ गुणांनी विजेतेपद घेतलं. २०१९ मध्ये त्या दोघांच्या गुणांत १३८ चा फरक होता.

काही रायडर गाडीवर बसल्या दिवशी वेगवान असतात, तर काहींना गाडी आपल्यासारखी घडवून घ्यावी लागते आणि गाडीसारखं स्वतःलाही घडवावं लागतं. दुसऱ्या प्रकारच्या रायडरला पहिल्या मोसमात ओळखायची कोणतीही खात्रीची खूण माझ्याकडे नाही. डुकाटीने त्याला थांबून संधी दिली, इतकंच म्हणता येईल. म्हणून माझा निकाल असा: पहिल्या मोसमावरून ‘हा वेगवान आहे’ असं खात्रीने म्हणता येतं, ‘याच्यात काही नाही’ असं कधीच म्हणता येत नाही. त्यासाठी किमान दोन मोसम आणि शक्यतो दुसरी गाडी हवी.

आपल्या घरातला नवखा

आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवरच्या सर्किट शर्यती प्रामुख्याने चेन्नई आणि कोइम्बतूरच्या ट्रॅकवर होतात. पुण्या-कोल्हापुरातला मुलगा किंवा मुलगी तिथे उतरते तेव्हा, ज्यांचं घरच त्या ट्रॅकजवळ आहे अशांशी तिची गाठ असते. त्यांच्याइतका सराव तिला मिळालेला नसतो. पण एक सोय आहे. टीव्हीएससारख्या कंपन्यांच्या एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यतींत सगळ्यांच्या हाती सारखीच गाडी असते, त्यामुळे मोटोजीपीतला ‘गाडी कोणाची’ हा मोठा वाद बराचसा मिटतो आणि लॅपच्या वेळा थेट ताडता येतात.

तेव्हा पालकांना एकच विनंती. पोर चेन्नईहून परत आलं की ‘कितवा आलास?’ हा प्रश्न जरा मागे ठेवा. शुक्रवारच्या पहिल्या सरावात त्याची वेळ काय होती, रविवारच्या शर्यतीत काय होती, आणि त्याच दोन दिवसांत पहिल्या आलेल्याची वेळ किती सुधारली, हे तीन आकडे वहीत टिपून ठेवा. पुढच्या फेरीला जाताना ती वही बरोबर न्या.